शिजला का दगड?

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

आठवी शिट्टी झाली. गॅस बंद केला. कुकर उतरवते न उतरवते तोच दादा ओसरीवरून ओरडले — "नंदे, शिजला का दगड?"

लगेच शिजतो होय! पण शिजवणार. आज तारीख टाकून लिहून ठेवते.

कुकरात होतं ते असं : ग्रॅनाइटची भुकटी दोन वाट्या, चुना एक वाटी, पाणी. सगळं स्टीलच्या डब्यात. चुना ॲल्युमिनियम खातो, म्हणून कुकरही स्टीलचाच. माझ्या वडिलांनी, दादांनी, तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडली. त्यामुळं वाफेला ते घाबरत नाहीत. कुकरची रबर गेली तर नवी मी आणायची आणि वरणात भुकटी पडता कामा नये, एवढ्या दोनच अटी.

डोक्यात काय आहे ते सरळ लिहिते. ग्रॅनाइटमध्ये पोटॅश आहे — शंभर किलोत चार-पाच किलो. पण कुलपात. पिकाच्या मुळाला ते मिळत नाही. दुकानात मिळतं ते पोटॅश जहाजातून येतं, आणि यंदा जूनमध्ये आमच्या बेंबळीत ते आलंच नाही, लोक पिशव्या हलवत परत गेले. तिकडं धाराशिवात तुळजापूर रोडला गुरुसिद्धप्पांच्या ग्रॅनाइटच्या दुकानामागं दगड कापल्याचा गाळ छातीएवढा साठलाय. म्हणजे माल दारात पडलाय. फक्त कुलूप उघडायचंय.

५ ऑगस्ट, सोमवार

आमच्या माती परीक्षणाच्या लॅबमध्ये फोटोमीटरला लावलं. (माझंच यंत्र म्हणायचं — चौदा वर्षं मीच पुसते. माती भिजवून तिचं पाणी ज्योतीत सोडायचं, की पोटॅश किती ते आकड्यात सांगतं.) कच्ची भुकटी — किलोला पन्नास मिलिग्राम. शिजवलेली — एकशे तीस!

अडीचपट! माझं तोंड इतकं फुललं की साहेबांनी विचारलंच. सांगितलं. ते हसले. "नंदाबाई, घरी भाजी नसते का?"

हसू देत. पण खरं सांगायचं तर एकशे तीस काहीच नाही. एका एकराचं शिजवायचं तर गावातले सगळे सिलिंडर लागतील. गॅस जाळून खत करायचं असेल तर जहाजानं काय घोडं मारलंय? कुकर बंद. दुसरं काहीतरी.

११ ऑगस्ट, रविवार

सापडलं! आणि सापडलं कुठं — चिंचेच्या बरणीत.

पितळेचा तांब्या चिंचेनं घासत होते. दोन मिनिटांत लख्ख. आंबट काय करतं, तर धातूला धरून बाहेर ओढतं. मग दगडातल्या पोटॅशला का ओढणार नाही? आणि विस्तवही नको. शेण, गूळ, आंबट ताक, चिंचेचा कोळ — ढिगात जिवाणू वाढतील, ते स्वतःच आंबट सोडत राहतील, रात्रंदिवस, फुकट. दगड शिजवायचाच नाही. आंबवायचा!

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी आता दगडाची इडली का?"

१८ ऑगस्ट, रविवार

गुरुसिद्धप्पांकडं गेले. मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. कसले! "घ्या की वो ताई, ट्रॉली भरून घ्या. नगरपालिकेची माणसं दर म्हैन्याला येऊन वरडतेत माझ्या नावानं." वर चहा पाजला.

मी मात्र नखरे केले. पॉलिशच्या बाजूचा गाळ नको, त्यात केमिकल असतं. फक्त कटिंगच्या हौदातला. ते बघतच राहिले. म्हणाले, "चाळीस वर्षांत गाळ निवडून मागणारं गिऱ्हाईक पयलंच."

नमुना तपासणार आहे, जड धातूंसाठी पुण्याला पाठवते. कुणाच्या ताटात काही जाता कामा नये.

२५ ऑगस्ट, रविवार

आबारावकाकांच्या शेतात ढीग लावले. काका म्हणजे आमच्या बेंबळीच्या शेतकरी गटाचे प्रमुख — बावीस घरं त्यांच्या शब्दावर चालतात. त्यांची माळाकडची अर्धा एकर मुरमाड आहे, कांद्याची. तिथली माती मीच तपासली होती. पोटॅश नव्वद. कमी. तेच तर पाहिजे! खालच्या काळ्या रानात पोटॅश भरपूर, तिथं खत टाकलं काय न टाकलं काय, कळणारच नाही.

काकांनी विचारलं, "आपल्या खडी केंद्राचा चुरा का न्हाय चालत? त्यो तर हाकेवर हाय." सांगितलं — आपला काळा दगड चुना, लोह देईल, पण पोटॅशला कंजूष. त्याला तांबूस, ठिपक्यांचा दगड लागतो. "म्हंजी ओट्याचा," काका म्हणाले. बरोबर. ओट्याचा.

दोन ढीग. एकात शेण, पाचट, गूळ, ताक, चिंच आणि तिसरा हिस्सा ग्रॅनाइटचा गाळ. दुसऱ्यात गाळ सोडून सगळं तेच. कारण शेणातही पोटॅश असतं. उद्या कुणी म्हणायला नको की दगडाचं नाव आणि शेणाचं काम.

कालवायला गजरामावशी होत्या. काकांच्या शेतात वीस वर्षं कामाला आहेत. कांद्याचं रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत त्यांच्याच हातचं. मी हातमोजे घातले, त्या हसल्या. "शेणाला हातमोजं, ताई? ते काय चावतंय का?" आणि कोपरापर्यंत हात घातले.

२६ ऑगस्ट

चिंचेनं बोटं फाटलीत. मीठ लागलं की नाचते. तरी मजा आली!!

२२ सप्टेंबर, रविवार

ढीग पालटला. आत हात घातला तर गरम. वास आंबट, शिळ्या कण्यांसारखा. गजरामावशी म्हणाल्या, "लागलंय बगा. जिवंत हाय." दर आठ दिवसाला त्याच ताक शिंपतात, न सांगता. मला शिकवावं लागलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

ऐंशी दिवस झाले. आज आकडा.

शेणाचा वजा करून, निव्वळ दगडाचा — किलोला सव्वा ग्रॅम. सव्वा ग्रॅम!! कुकरात एकशे तीस मिलिग्रामवर उड्या मारत होते मी. हे त्याच्या जवळजवळ दहापट, तेही विस्तवाशिवाय. तीनदा लावून बघितलं. यंत्र साफ करून चौथ्यांदा.

साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, काढला. "बरं आहे. पण ढिगातला आकडा म्हणजे पिकातला आकडा नाही." हे मलाही कळतं. मग म्हणाले, "एक हंगाम देतो. निघालं तर रिपोर्ट तुमच्या नावानं जाईल. नाही निघालं तर हा विषय बंद, माझ्या फोटोमीटरला पुन्हा दगड लावायचा नाही."

माझ्या फोटोमीटरला म्हणे!

चौदा वर्षांत या लॅबमधून हजारो कागद गेले. एकावरही माझं नाव नाही. एक हंगाम पुष्कळ झाला. माझा दगड आहे तो.

१७ नोव्हेंबर, रविवार

गटाची बैठक, मारुतीच्या पारावर. बावीस घरांतली माणसं. मी उभी राहून सगळं सांगितलं, हेही लपवलं नाही की हे खत पोत्यानं नाही, ट्रॉलीनं लागतं. लांबून आणून परवडायचं नाही. जवळ गाळ असेल तिथंच.

काका म्हणाले, "कांदा निगू द्या. ताई आकडं सांगतील. ताई व्हय म्हनल्या तर पुडच्या हंगामाला समदे टाकू, न्हाय म्हनल्या तर न्हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या एका हो-नाहीवर बावीस रानं! घरी येताना आधी वाटलं, नको हे ओझं. मग वाटलं, बरंच आहे, खोटं बोलायची सोयच नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

लागण. तीन पट्टे, प्रत्येकात बारा वाफे, विहिरीपासून खाली बांधापर्यंत. तिघांनाही शेणखत सारखंच. फरक फक्त पोटॅशचा. एकाला दुकानाचं पोटॅश. एकाला माझं दगडाचं खत, वाफ्याला एक घमेलं. आणि एकाला पोटॅश अजिबात नाही. तो नसेल तर बाकी दोघांनी काय केलं हे कळणारच नाही.

पाट्या लिहिल्या, लाल रंगात : दुकान. दगड. उपाशी.

गजरामावशींना वाचता येत नाही. तिसऱ्या पाटीवर काय लिहिलंय विचारलं. सांगितलं. मग रोपं त्यांनी त्या पट्ट्यात जरा जास्तच जपून लावली, असं मला वाटलं.

थोडं खत उरलं. विहिरीच्या शेडमागं झाकून ठेवलं.

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या

आज येळवस, अख्खं गाव रानात. लॅबला सुट्टी टाकली. दरवर्षी टाकते.

आमच्यात पूजा नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सगळं सोडलं. पण भज्जीला नाही म्हणायची रीत आमच्यात कधीच नव्हती. दादा तर सकाळपासून उपाशी बसतात, पोटात जागा पाहिजे म्हणून.

काकांनी कडब्याची कोप, खोपटासारखी, उभी केलेली. आत पाच दगड चुना लावून मांडलेले. दादा माझ्या कानात — "नंदे, हे बी ग्रॅनाइटचं का?" मी कोपर मारलं. मग काका मडक्यातली आंबील घेऊन रानाच्या कडेनं फिरले, शिंपत, "ओलगे, ओलगे!" ओरडत, मागं सगळे. आणि मग पंगत. सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला हाका मारमारून बोलावतात. आज रानात कुणी उपाशी राहायचं नाही. मोटारसायकलवरून चाललेल्या दोन अनोळखी पोरांना गजरामावशींनी हात धरून बसवलं.

वाढता वाढता मावशी माझ्यापाशी आल्या. "ताई, त्यो पट्टा आज बी तसाच ठिवायचा व्हय?"

"कोणता?"

"त्योच. उपाशी."

मी हसले. तोंडात घास. म्हटलं, मावशी, तोच तर महत्त्वाचा, त्याला काही दिलं तर माझं सगळं वाया. त्या म्हणाल्या, "असंल." आणि पुढच्या पानावर भज्जी वाढायला गेल्या.

दादांनी पाच उंडे खाल्ले. आता ओसरीवर आडवे, बोलायच्या पलीकडं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

कांदा झकास. तिन्ही पट्ट्यांत पात हिरवीगार, डोळ्याला फरक नाही. नाहीच दिसायचा. पोटॅशचं काम खाली गड्ड्यात असतं.

शेडमागचं शिल्लक खत दिसलं नाही. काकांच्या गोठ्यात गेलं असणार, नाहीतर पावट्याच्या वेलाला. असो, माझ्याकडं बाटलीत नमुना आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

साहेब स्वतः शेतावर आले! बूट चिखलात, तरी आले. पाट्या वाचल्या. "उपाशी" वाचून हसले. तिन्ही पट्ट्यांतून हिंडले आणि म्हणाले, "मला तर तिन्ही सारखे दिसतात हो."

"वरून सारखेच दिसणार साहेब. तराजू येऊ द्या."

माझा आवाज किती ठाम होता! मलाच आवडला.

१ मार्च

पुण्याचा रिपोर्ट आला. जड धातू मर्यादेच्या खूप आत. दादांना वाचून दाखवला. म्हणाले, "म्हंजी आता वरणात पडली तरी चालंल."

२९ मार्च, शनिवार

काढणी. प्रत्येक वाफ्याचा कांदा वेगळा, पात टाकून सुकायला. ऊन असं की डोकं फुटेल. गजरामावशी आणि अजून चौघी. मी प्रत्येक ढिगाला चिठ्ठी लावत फिरतेय, आणि त्या मला "पोस्टमन" म्हणतायत.

५ एप्रिल, शनिवार

वजन झालं.

दुकान — वाफ्याला सरासरी पंधरा किलो सहाशे.
दगड — पंधरा किलो चारशे.
उपाशी — पंधरा किलो तीनशे.

पुन्हा लिहिते. उपाशी, पंधरा तीनशे.

तराजू तपासला. पाच किलोचं माप ठेवून बघितलं. तराजू बरोबर आहे.

उपाशी पट्ट्याचे शेवटचे दोन वाफे, अकरा आणि बारा, तेवढे कमी भरले. अकरा किलो आणि पावणेअकरा. ते बांधालगतचे. बाभळीनं ओढलं असणार. मी ते धरले नाहीत, बांधाकडचे वाफे नेहमीच दगा देतात. आधीच रिकामा पट्टा वर आलाय. त्यात बाभळीमुळं तो खाली खेचून मी माझ्या दगडाला फुकट उचलून धरलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. वहीत तरी टाका, असं काका म्हणाले, म्हणून इथं टाकले.

काहीच न दिलेल्याला तेवढंच येतं, तर दगडानं काय केलं? दुकानानं तरी काय केलं?

जेवले नाही. दादांनी आज रोजच्यासारखं "शिजला का" विचारलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

पारावर बैठक. सगळे आले होते, बायकासुद्धा. मी आकडे वाचले.

काका खूश झाले! "ताई, तिन्ही सारकं म्हंजी तुमचा दगड दुकानाइतका चालला की!" दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या.

तिथंच गप्प बसले असते तर? बावीस घरं हो म्हणाली असती. रिपोर्ट माझ्या नावानं गेला असता. इतकं सोपं होतं.

म्हटलं, नाही काका. ज्याला काहीच दिलं नाही त्यालाही तेवढंच आलं. म्हणजे त्या रानाला पोटॅश नकोच होतं. दगड चालतो की नाही, हे मला अजून माहीत नाही. माझ्याकडून हो नाही. टाकू नका.

गजरामावशी कडेला उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडात. मध्येच निघून गेल्या.

साहेबांना फोन केला. ते वाईट बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. "ठीक आहे, प्रयत्न केलात. आता नेहमीचे नमुने साचलेत, ते उरका."

नव्वदची माती आणि तिला पोटॅश नको? मग माझा पहिला नमुनाच चुकीचा घेतला गेला. चौदा वर्षं मी लोकांना नमुना कसा घ्यायचा ते शिकवते!

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरी साडी नेसले. मिरवणुकीत चालले, लेझीमवाल्या पोरींना पाणी वाटलं. कुणालाही काही कळलं नसणार. दादांना कळलं. परत येताना म्हणाले, "इंजिन उघडल्यावर एक नट उरला, तर आमी फेकून देत नव्हतो. कुठला हाय ते हुडकायचो." मी म्हटलं, दादा, आज नको.

१५ एप्रिल, मंगळवार

गजरामावशी घरी आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. ओसरीच्या खाली उभ्या. वर या म्हटलं तर येईनात.

"ताई, म्या केलंय. माजं चुकलं."

"काय केलंत?"

"येळवशीच्या दिशी. समदी जेवून निजली तवा. शेडमागलं तुमचं खत. त्या पट्ट्याला घातलं. उपाशीला."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि डोकं असं तापलं की काय काय बोलले ते मला इथं लिहायची लाज वाटते. आठ महिने! बावीस घरांसमोर माझी मान खाली! सांगितलं होतं ना की त्याला काही द्यायचं नाही?

त्या उभ्याच. "सांगितलं व्हतं. पन येळवशीला रस्त्यावरच्या मानसाला बी हाक मारून वाडतो आपुन. अन् आपल्याच रानातला एक पट्टा, तीन भावांतला एक, त्याला नुसतं बघत बसवायचं? माज्या हातानं लावलेली रोपं ती. मला घास गिळंना. दहा घमेली व्हती, तेवडी घातली. वाटलं, कुनाला कळतंय. परवा तुमी पारावर तसं बोलल्या अन् मला झोप न्हाय."

दादांनी चहा पुढं केला. त्यांनी घेतला नाही. मी थांबवलंही नाही. गेल्या.

सगळं वाया. ना हो, ना नाही. माझा प्रयोग मारला, तोही मायेनं! कुणावर ओरडणार? ओरडले तरी.

१७ एप्रिल, गुरुवार

दहा घमेली. वाफे बारा!

काल सकाळी भाकरी थापताना हात थांबला. तव्यावरची करपली. धावत येऊन ५ तारखेचं पान काढलं. अकरा आणि बारा. मावशींनी विहिरीकडून सुरुवात केली, बांधापर्यंत खत पुरलंच नाही. आणि बांध तर तिन्ही पट्ट्यांना लागून आहे, बाभळीसकट! बाकी दोन पट्ट्यांचे अकरा-बारा मी धरले होते, चांगले भरले म्हणून. अख्ख्या रानात खरे उपाशी हे दोघंच, अकरा किलोवाले. आणि मी त्यांनाच पंगतीतून उठवलं होतं.

बाराही वाफ्यांची माती आणली, उन्हात वाळवली. आज यंत्राला लावली. दगडाला बंदी आहे, मातीला नाही. साहेब मागं येऊन उभे राहिले.

एक ते दहा : पोटॅश एकशे अठ्ठावीस ते एकशे एक्केचाळीस.
अकरा : शहाऐंशी.
बारा : चौऱ्याऐंशी.

साहेब म्हणाले, "पुन्हा लावा." तीनदा लावली. तेच. मग स्वतःच म्हणाले, "पुढच्या हंगामाला पट्टे वाढवा. आणि पाट्या लिहू नका."

लॅबमधून सुटले ती आधी मावशींच्या दारात गेले. या वेळी चहा दोघींनी घेतला.

घरी आले तर दादा ओसरीवर. पाच तारखेपासून त्यांनी विचारायचं सोडलंय. आजही विचारलं नाही. मीच म्हटलं —

"दादा, शिजला."